कोरडा गाळा

सानगडीच्या बाजारातला तो गाळा कामिनीनं जितका पारखला, तितकं कुणी सोयरीक जुळवतानाही पारखत नाही. तिला पार्लर काढायचं होतं. इतकी वर्षं ती मेकअपची पेटी घेऊन गावोगाव फिरली, कुणाच्या ओसरीत, कुणाच्या न्हाणीच्या दाराशी बसून नवऱ्या सजवल्या. जमवलेलं सगळं आता स्वतःच्या दुकानात जाणार होतं. सजावटीवर एक पैसाही वाया घालवायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

तिनं नाण्यानं गिलावा ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकलं. स्लॅबवर मातीचं आळं करून पाणी साठवलं आणि खाली गाळ्यात मान वर करून बसून राहिली. वायरिंग उघडून पाहिली. आधी तिथं कापडदुकान चालवणाऱ्या डोमाजींना घरी जाऊन गाठलं.

"ओल?" डोमाजी म्हणाले, "अवो, इतक्या वर्सांत माही एक साडी नाही कुबटली." आणि ते अगदी खरं होतं.

तुलाराम मिस्त्री म्हणजे धडधाकट भिंतीतही काम शोधून काढणारा माणूस. त्यालाही काही सापडेना. "फरशी फोडून खाली वॉटरप्रूफिंग करून देऊ का?" त्यानं आपलं विचारून पाहिलं.

"कोरड्या फरशीले कायले फोडता, भाऊ?" कामिनी हसली. तो पैसा वाचवून तिनं भिंतभर प्लायवूड, सनमायका आणि मोठे आरसे लावून घेतले.

गाळ्यामागं तलावाची पाळ होती. पण ती फुटून तलाव कधीचा रिकामा पडलेला, पोरं त्यात क्रिकेट खेळायची. तो विसरले नव्हते फक्त तिचे सासरे, सोमाजी. पाळ बांधून द्या म्हणत त्यांनी साकोलीच्या तालुका कचेरीत चकरा मारून चपला झिजवल्या होत्या, आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात काम मंजूर झालं. पोकलेनची धूळ नव्या आरशांवर बसली की कामिनी चिडायची. धुळीपलीकडचं तिला काही सुचलंच नाही. एवढं पारखणाऱ्या बाईला सुचू नये, पण नाही सुचलं.

पोळ्याआधी तलाव काठोकाठ भरला. गाव खूश झालं. मग दुकानाच्या फरशीला घाम फुटला, भिंतीत ओल चढली, प्लायवूड फुगलं, सनमायका सुटली. पहिली नवरी नाकाला ओढणी लावून बसली. दुसरी आलीच नाही.

तुलारामनं भिंतीला हात लावला आणि ओला तळवा पँटीला पुसला. "तलावाचा झिरपा हाय, बाई. फरशी फोडली तरी भिंतीतून येतेच. तलाव भरून हाय तवर याले इलाज नाही."

"आन तलाव कवा आटन?"

"आता कायले आटन? पक्की पाळ बांधली ना."

हे घरी सांगायचं म्हणून ती आली, तर सोमाजी दारातच उभे. "बाई, उद्या तलावाची पूजा हाय. ओटी तुह्याच हातानं भरायची. आपल्या घरानं आणलं हे पाणी." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की तिनं दुकानाचा विषयच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावासमोर तिनं तलावाची ओटी भरली, पाण्यात नारळ सोडला आणि डोळे मिटले. फुटून जा, ती मनात म्हणाली. होतास तसा पुन्हा फुटून जा.

डोळे उघडले तर पाळीखालच्या पहिल्याच बांधीत, त्यांच्याच हिरव्यागार धानात, तिचा नवरा भुपेंद्र वाकून निंदण काढत होता. पाळ फुटली तर पाणी आधी त्याच्याच अंगावर जाणार होतं.

"काय मागितलं, बाई?" सोमाजींनी विचारलं.

"असाच भरून राहा म्हटलं, मामाजी," ती म्हणाली. एवढं बोलल्यावर दुकानासाठी काही मागायला तिच्याजवळ देवच उरला नाही.