लंगोटातलं अस्तर

ओकबुनची विहीण वाईट असती, तर बरं झालं असतं. वाईट माणसाला चार नावं ठेवली की पोट हलकं होतं. पण ही बाई गोड बोलायची, चहाचा पेला दोन्ही हातांनी पुढे करायची, आणि लेकीच्या बाळंतपणापासून तिच्याच घरी मुक्काम ठोकून होती. बाळंतिणीला द्यायचं समुद्री शेवाळाचं सूप तिच्या हातचं, बाळाची आंघोळ तिच्या हातची, आणि बाळ हसलं तर तेही तिच्याकडेच बघून. ओकबुन दर शनिवारी गांगह्वा बेटावरून बसने इंचन शहरात मुलाच्या घरी यायची, ती पाहुण्यासारखी. मुलगा तिचा, नातू तिचा, आणि दारात सपाता पुढे करणार विहीण.

त्या घरात ओकबुनचं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे लंगोट. तिने उभा जन्म गांगह्वाच्या मागांवर काढला होता. बेटावरचं विरविरीत सुती कापड, सोचांग, आधी पोटासाठी विणलं आणि नातू होणार कळल्यावर त्याच्यासाठी फाडलं. कोऱ्या सोचांगला खळ असते. ती गेल्याशिवाय ते पाणी पीत नाही. म्हणून ओकबुनने ते उकळून उकळून, उन्हात वाळवून असं मऊ केलं की गालाला लावल्यावर तिची तिलाच झोप यावी. सून बोयंगने ते लंगोट कमरेत वाकून घेतले. म्हणाली, "आई, किती कष्ट घेतलेत तुम्ही. मी हेच वापरीन."

ओकबुनला तेवढं पुरे होतं. आंघोळ कुणी का घालेना, नातवाच्या, गॉनुच्या, अंगाला दिवसरात्र याच आजीचं कापड लागणार होतं.

आणि मग एका शनिवारी बाळ ओलं झालं. विहीण उठायच्या आत ओकबुनने झडप घातली, लंगोट सोडला, तर कापड आणि बाळ यांच्या मध्ये एक पांढरा, पातळ कागद.

"हे काय?" ओकबुनने विचारलं.

विहिणीने सगळं समजावून सांगितलं. हे अस्तर. नव्याने लंगोट वापरणाऱ्यांना फार सोयीचं. शू खाली कापडात उतरते, शी वर राहते, कागद उचलून टाकला की झालं. तिनेच शोधून आणलं होतं.

"आमची पोरं बाई उघड्या कापडावरच वाढली," ओकबुन हसून म्हणाली. "कागदात गुंडाळून द्यायला ती काय मिठाई होती?"

विहीणही हसली, अगदी मनापासून. ओकबुनला ते जास्त झोंबलं.

परतीच्या बसमध्ये तिच्या डोळ्यांपुढे तो कागदच होता. आपण जन्मभर विणायचं, आपण उकळायचं, आणि बाळाच्या अंगाला लागायचं विहिणीने आणलेलं कागदाचं चिटोरं. माणसाचा हेवा सगळेच करतात. ओकबुन या वयात एका कागदाच्या कपट्यावर जळत होती, आणि ते तिला कळतही होतं. कळून उपयोग नव्हता.

पुढच्या शनिवारी मायलेकी बाजारात गेल्या आणि बाळ ओकबुनपाशी राहिलं. तिने कपाटातलं अस्तरांचं पाकीट काढलं आणि बाळाला पाठीशी बांधून ते खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी नेलं. तिथे प्लॅस्टिकचं वेष्टन एका डब्यात टाकलं, कागद दुसऱ्यात. पाप करतानासुद्धा कचरा वेगळा करायचं ती विसरली नाही. वर येऊन गॉनुला नुसतं सोचांग बांधलं आणि त्याच्या ढुंगणावर हलकेच थोपटत बसली. कितीतरी दिवसांनी तिला घरच्यासारखं वाटलं.

एकदा पचलं की हात सोकावतो. त्यानंतर दर शनिवारी एक पाकीट जात राहिलं. विहीण नवीन मागवायची, ओकबुन ते खाली पोचवायची. घरात कुणी चकार शब्द काढला नाही. ओकबुनला वाटलं, कुणाच्या लक्षातच आलेलं नाही.

मग एका शनिवारी ती बैठकीत चहा घेत असताना न्हाणीघरातून बोयंगचा आवाज आला. चढलेला. ओकबुनने तो तसा कधी ऐकलाच नव्हता.

"ए आई, तुला एक वस्तू धड सांभाळता येत नाही? नेमकं शनिवारीच कसं गं संपतं पाकीट?"

"अगं, ओटा पुसायला घेतलं असेल मी," विहीण म्हणाली.

"ओटा! मी तर सुरुवातीलाच लंगोट बंद करणार होते. तूच म्हणालीस, सासूबाईंनी एवढ्या मायेने केलेत, अस्तर घालून बघ, जमेल. म्हणून चालवलं. आता रोज शी खरवडत बसू? पुरे झालं. उद्यापासून विकतचे डायपर. आणि सासूबाईंना तूच सांग."

ओकबुनने पेला खाली ठेवला. म्हणजे विहिणीला सगळं ठाऊक होतं, आणि तिने ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. एवढंच नाही, सोचांग या घरात टिकलं होतं तेही त्या कागदामुळेच. तिला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याहून मोठी कळ वेगळीच उठली. बोयंग आईवर खेकसत होती! किती हक्काने, तोंडाला येईल ते! ओकबुनच्या वाट्याला आजवर नुसतं "होय आई", "बसा आई", "कष्ट घेतलेत आई." असा एक ओरडा तरी कधी वाट्याला आला होता का?

ती उठली आणि न्हाणीघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पाकिटं मी टाकली," ती म्हणाली. "सगळी मीच."

बोयंगच्या हातात घाण लंगोट होता. ओकबुन धास्तावून वाट बघत राहिली. आता ही वाकणार आणि म्हणणार, असू द्या आई.

"तुम्ही?" बोयंगचा चेहरा लालभडक झाला. "मी इथे कोपरापर्यंत घाणीत, आणि तुम्ही बाहेर चहा पिताय? काय मिळालं तुम्हाला? घ्या, धुवा आता तुम्हीच!" तिने लंगोटांची बादली पायाने पुढे सरकवली. "आणि खाली जाऊन नवीन अस्तरं घेऊन या. नाहीतर यातला एकसुद्धा ठेवणार नाही मी घरात."

मग आपण काय बोललो ते कळून तिने तोंडावर हात ठेवला. विहीण पांढरीफटक पडली. "अगं, सासूबाई आहेत त्या," असं पुटपुटत ती घाईघाईने वाकली आणि तिने बादलीची कडी धरली.

ओकबुनने ती कडी तिच्या हातातून ओढून घेतली.

"सोडा, विहीणबाई," ती म्हणाली. "मला सांगितलंय तिने."