माझ्यातले अधिकचे चिन्ह

मित्रांनो, मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे. म्हणजे संगणकाला सांगितलेल्या कामांच्या चाळीस ओळी, बस्स. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टेरेन्स नावाच्या प्रोग्रामरने मला लिहिले आणि डोंबिवलीच्या एका रंग कारखान्यात कामाला लावले. टाकीतल्या वायूची नोंद सारखी वाचायची आणि 'धोका' या शब्दापुढे आकडा दिसला की भोंगा वाजवायचा. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही.

आकडा एकअंकी असेल, तीनअंकीही असेल. म्हणून टेरेन्सने अंकाच्या खुणेपुढे तिरकी रेघ आणि अधिकचे चिन्ह घातले. जुन्या संगणकावर त्याचा अर्थ होता, 'एक किंवा जास्त अंक'.

दर शनिवारी टाकी धुतली की वायू चढायचा आणि मी बोंब ठोकायचे. सगळे मला शिव्या घालायचे. वायू उतरून मी गप्प झाले की सफाई कामगार तानाजी टाकी खरवडायला आत उतरायचा. दहा वर्षे त्याचा माझ्यावर भरवसा होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग कारखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या साईनाथने मला नव्या यंत्रावर हलवले. तिथे ती खूण कोणाला ठाऊकच नव्हती. तिथे अधिक म्हणजे नुसते अधिकचे चिन्ह! शनिवारी 'धोका ३१२' आले, 'धोका ३४०' आले, आणि मी आपली अंकापुढचे अधिक शोधत बसले. काही चुकतेय असे त्या यंत्रानेही दाखवले नाही. माझा जीव नुसता तळमळत होता.

"साईनाथ, टाकी धुतली ना? मग भोंगा का नाय वाजला?" सुपरवायझर जोविटाने विचारले.

"नवीन मशीन आहे ताई, उगाच बोंबलत नाही."

"दहा वर्षं दर शनिवारी बोंबलतेय ती स्क्रिप्ट. आजच शहाणी झाली? अरे, तानाजी कुठेय?"

तानाजी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होता. जोविटा धावली. "वर ये! आधी वर ये रे!"

तो बाहेर आला आणि बराच वेळ खोकत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

साईनाथने मान खाली घालून मला दुरुस्त केले. 'एक अंक, आणि त्यापुढे असतील तितके अंक' असे त्याने साध्या खुणांत लिहिले. ते दोन्ही यंत्रांना कळते.

मित्रांनो, आम्हाला नव्या यंत्रावर नेलेत, तर आमच्यापुढे मुद्दाम एक धोक्याची ओळ टाका. भोंगा वाजलेला स्वतःच्या कानांनी ऐका. मगच माणसाला शिडीवर पाय ठेवू द्या.