दोन चांदण्यांच्या मध्ये

मोबाइलच्या काचेवर एवढीशी चांदणी — आणि राहीकाकीनं ती पदरानं पुसली. पीठ सांडलंय असं वाटलं तिला. जाईना म्हणून परत, जोरात... श्रुतिकाच्या डोक्यात तिडीक गेली.

"काकी, कचरा नाय तो! शब्दाच्या आधी एक, नंतर एक टाकायची. की अक्षर जाड होतं."

"मग आधी बोलायचं ना गो. अंगावर काय येतेस?"

सकाळीच मुंबईहून अनिलदादाचा मेसेज. गडाखालच्या पाचाडातल्या खानावळींची वेबसाइट त्यानं बनवलीय, मजकूर आता खानावळवाल्या बाया स्वतःच लिहिणार. अक्षर जाड करायला चांदण्या ठेवू की बटणं? तू बघून संध्याकाळपर्यंत सांग... तू बघून सांग — नववीत दप्तर भिरकावून घरी आले तेव्हापासून मला सगळे नुसतं सांगतात, विचारत कोण नाय. हा पहिलाच. बटणं सोपी. पण सोपी म्हणजे बाया आपापलं करणार, आणि मग मला कोण हाक मारणार? चांदण्या ठेवल्या तर मात्र सारखं — श्रुतिका, ये गो जरा.

तरी तिनं बटणं दाखवली. काकीनं भाकरी जाड केली, पिठलं जाड, ताक जाड, वर सगळं लाल.

"सगळंच जाड केलंस तर नजर कुठं जाणार?"

"मग कोणाला बारीक ठेवू? ताकाला? तूच सांग जाऊन त्याला."

पुन्हा चांदण्या. तांदळातला खडा शोधावा तशी काकी कीबोर्डवर चांदणी शोधत बसली, तव्यावरची भाकरी करपायला आली तरी. श्रुतिकाचा हात आपोआप पुढे जात होता — तिनं तो मांडीखाली दाबून धरला. का, कोण जाणे. सापडली एकदाची. पण भाकरी नाही, पिठलं नाही — काकीनं खाली नवीच ओळ लिहिली आणि तेवढीच दोन चांदण्यांत घातली. गड उतरायला उशीर झाला तरी या.

"जमलं बघ. आता सुटलीस तू."

सुटले... राग यायला हवा होता. तिनं वाट बघितली त्याची, आला नाही. उलट शेजारच्या खानावळीतल्या गोदूबाईकडे नजर गेली — ती तर कोणाशी धड बोलतही नाय, ती काय घालेल चांदण्यांत?

अनिलदादाचा मेसेज तसाच होता. श्रुतिकानं उत्तरात एक चांदणी टाकली, मग दुसरी. मधे रेघ लुकलुकत राहिली. आणि मी — मी काय घालीन...