टेपवरचं नाव

जयवंत पडवळला धीर कसला तो नाहीच. चहाला उकळी फुटायच्या आधी गाळणी घेऊन उभा राहणारा माणूस! अशाच्या हातात आईची टेप द्यायची म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण घर त्याचं, आई त्याची, अडवणार कोण?

घाटकोपरच्या त्यांच्या हॉलमध्ये टीव्ही बाजूला सारून जुनं टेप-मशीन मांडलं होतं, दोन मोठ्या चाकांचं. ते त्याच्या मुलीच्या, दीप्तीच्या, गोरेगावच्या मित्राचं, केतनचं. केतनने निघताना एका बटणावर लाल ठिपका चिकटवला होता.

"काका, लाल ठिपक्याला हात लावायचा नाही हं. लावलात तर टेप पुसली जाईल. आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच बारीक आवाज आला तर मशीन बिघडलं म्हणून मला फोन करू नका. टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली असली की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो."

"पापडाचा मसाला पापडाक लागता तसा," मालन म्हणाली. ही जयवंतची आई. ऐंशी ओलांडली, तरी जीभ तिखट.

टेप भजनांची होती, एका कंपनीने विकायला काढलेल्या रेकॉर्डिंगची मूळ प्रत. खोक्यावर छापलं होतं, 'राजाराम पडवळ आणि मंडळी'. राजाराम म्हणजे जयवंतचे वडील. गाणारी मात्र बाई. मालन म्हणायची, "ती मीच." राजाराम असेपर्यंत म्हणायचे, "छे रे, ती कंपनीने आणलेली. तुझी आई मागे झांजा वाजवायची." घरात मशीन कधीच नव्हतं, त्यामुळे वाद तिथेच राहिला. खरं सांगायचं तर जयवंतने बापावरच विश्वास ठेवला होता.

आता रविवारी भजनी मंडळाचा कार्यक्रम होता. ही टेप वाजणार, राजारामांच्या फोटोला हार पडणार. मालनने अध्यक्षांना, कुंडलिकना, सांगितलं की माझंही नाव घ्या. कुंडलिक गोड हसून म्हणाले, "काकू, पुरावा काय?"

"पुरावो टेपेतच आसा," ती जयवंतला म्हणाली. "गाण्याच्या आधी कंपनीचो साहेब म्हणालो, बाई, नाव सांगा. तुझे बाबा चहाक गेलेले. मी माझा नाव सांगलंय."

आता एवढं मोठं मशीन घरात आलं आणि जयवंत पूजा केल्याशिवाय ते चालू करेल? स्कूटर आणली तेव्हा केली, फ्रिज आणला तेव्हा केली. त्याने अगरबत्ती लावली, अंगठ्याने कुंकू घेतलं आणि एकही बटण नाराज होऊ नये म्हणून प्रत्येकावर एकेक टिळा लावला. दीप्ती आत आजीचं कानातलं मशीन शोधत होती.

ती बाहेर आली, आजीच्या कानात मशीन बसवलं. जयवंतने टेप लावली, बटण दाबलं. चाकं फिरायला लागली. डोक्यावर पंखा गरगरत होता. आवाज काही येईना.

"नीट दाबलं गेलं नाही वाटतं," म्हणत त्याने पुन्हा बटण दाबलं.

मशीनवर लाल दिवा पेटला.

"पप्पा! लाल बटण!"

"अगं, सगळीच लाल आहेत!" तो ओरडला, आणि ओरडता ओरडताच त्याला कळलं, ती लाल कोणी केली ते. दीप्तीने झडप घालून मशीन बंद केलं. टेप मागे नेऊन पुन्हा लावली. सुरुवातीची शांतता गेली, आणि मग एकदम गाण्याची अर्धी ओळ. नाव नाही. नावाच्या जागी नुसती खरखर.

आयुष्यात एकदा आईने काही मागितलं आणि जयवंतने त्याची अशी वाट लावली! "आई, मी..." मालन पदराने बटणांवरचं कुंकू पुसत बसली. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मग तिचा हात थांबला. "पापड," ती म्हणाली.

"काय?"

"पोरग्यान सांगितल्यान नाय? शेजारच्या वेढ्यार उमटता. नाव पुसलंस. नावाच्या आधीची रिकामी टेप खय पुसलंस?"

दीप्तीने पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. जयवंत म्हणाला, "तूच दाब गं, मी नाही." आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. तिने आवाज पार शेवटपर्यंत नेला, बटण दाबलं. सूं सूं आवाजाने हॉल भरला. तिघांनीही श्वास धरला. काहीच नाही. काहीच नाही. आणि मग त्या सूंसूंच्या आतून, भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसा एक तरुण आवाज आला, "मालन राजाराम पडवळ, घाटकोपर."

दीप्ती किंचाळलीच. टेप पुन्हा मागे, पुन्हा तेच. तिने ते फोनवर घेतलं. जयवंतला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

डोळे पुसून त्याने कुंडलिकना फोन लावला. "नाव आहे! फक्त फार बारीक आहे हो, कान देऊन ऐकावं लागतं..."

"फोन हय दी," मालन म्हणाली. तिने फोन ओढून घेतला.

"कुंडलिका, बारीक आसा म्हणान खोटा नाय. आणि रविवारी माझा नाव मोठ्यान घे. बारीक घेवन झाला आमच्या घरात."