उजव्या बाजूचा दिवा

जागेश्वरनं बल्ब कानाशी नेला, हळूच हलवला, आतली तार वाजते का ते ऐकलं आणि पुन्हा काउंटरवरच्या कागदावर ठेवला. मग दुसरा उचलला. पलीकडे दुकानदार नत्थूजी जांभई देत होते. अलीकडे ईश्वरदास शेठ हात मागे बांधून, मांडवात वधूपित्यानं उभं राहावं तसे, प्रसन्न चेहऱ्यानं उभे होते.

"घाई नाही गा. पाहून घे बराबर," शेठ म्हणाले. "तुले चालवायची आहे गाडी. तूच निवड."

दुकानासमोरच गणेशपेठेच्या रस्त्यावर लावलेल्या अ‍ॅम्बेसडरच्या मागच्या सीटवर शेठची बायको पुष्पलता बसली होती. उघड्या खिडकीतून तिला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. तूच निवड! तिनं पदराचं टोक ओठांवर धरलं. हा माणूस बावीस वर्षांत भाजीवालीच्या टोपलीतलं वांगंसुद्धा दुसऱ्याला निवडू देत नव्हता.

दिवाळीपासून गाडीचा उजव्या बाजूचा दिवा बंद होता. जागेश्वर दर आठवड्याला आठवण करी, आणि शेठ दर आठवड्याला म्हणत, "डावा लागते ना? एका डोळ्यानं माणूस जगते, मंग गाडी नाही चालत?" हा विनोद त्यांचा त्यांनाच इतका आवडला होता की पाहुण्यांसमोरही ते तो करत आणि सगळ्यांच्या आधी हसत. इतवारीत साड्यांचं दुमजली दुकान, उमरेडला मागावर बसलेली माणसं, आणि एका बल्बापायी ही अक्कल. चिकटपणा पुष्पलताला समजला असता. तिचे वडीलही चिकटच होते. पण चिकटपणाला हुशारी समजून मिरवणारा माणूस तिला बघवत नसे.

शुक्रवारी उमरेडला त्यांच्या मुलीचं, शामलाचं, साक्षगंध झालं, लग्न पक्कं ठरलं. मुलगी मावशीकडे मागे राहिली आणि ही दोघं दिवेलागणीला नागपूरला परत निघाली, गाडी चालवायला जागेश्वर. वाटेत समोरून बैलगाडी आली. गाडीवानाला एकच दिवा दिसला, तोही पलीकडच्या कडेचा. मोटारसायकल आहे असं समजून त्यानं तेवढीच जागा सोडली. बैलगाडीचं चाक अ‍ॅम्बेसडरचं उजवं दार खरवडत गेलं आणि बैलगाडी उलटली. एक बैल तिथंच मेला. गाडीवान मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडला होता. दिव्याची काच मात्र शाबूत राहिली. असल्या माणसांचं नशीबही त्यांच्यासारखंच निर्लज्ज असतं. चौकीवरच्या हवालदारानं अंधारात नुसता नंबर लिहून घेतला आणि सोमवारी गाडी तपासणीला आणा म्हणून सांगितलं. आज सोमवार होता.

रविवारी वकील घरी आले, तेव्हा चहा घेऊन पुष्पलताच बाहेर गेली होती.

"सोपं आहे," वकील बशीत चहा ओतत म्हणाले होते. "दिवा बंद निघाला, तर मालक अडकते. दोन्ही दिवे चांगले निघाले, तर चूक चालवणाऱ्याची. लायसन त्याचं जाते अन् जेलही त्यालेच. गाडीवान म्हणन, एकच दिवा होता. म्हणू द्या. गाडीत बसलेल्यांनी दोन होते म्हटलं का झालं."

आणि शेठनी मान डोलावून वकिलांना आणखी एक करंजी घ्यायला लावली होती. साक्षगंधातली उरलेली.

"हा दिल्लीचा," आता नत्थूजी एकेका बल्बावर बोट ठेवून सांगत होते. "पेटते, पण पावसाळा पाहीनच असं नाही. हा मद्रासचा, टिकाऊ आहे. अन् हा विलायती. ट्रकवाले नेतात. समोरच्याचे डोळेच दिपवते."

"विलायती द्या," शेठ म्हणाले. "तपासणीच्या साहेबाच्या डोळ्यात भरला पाहिजे."

"नको शेठजी," जागेश्वर घाईनं म्हणाला. "आपल्या वायरीले नाही झेपत तो. मद्रासचाच बरा. पण एक नका घेऊ, दोन घ्या. एक नवा अन् एक जुना, तं तिरळी दिसन गाडी."

"घे दोन. काय त्यात!"

जागेश्वरनं मालकाकडे अशा काही कौतुकानं पाहिलं की पुष्पलताला त्याचाही राग आला. सात वर्षं हा ड्रायव्हर त्या माणसाची चाकरी करत होता आणि अजून त्याला ओळखत नव्हता. पोळ्याच्या दिवशी झूल पांघरलेल्या बैलाला जेवढं कळतं, तेवढंच याला कळत होतं. आपलं म्हणणं एकदाचं मालकानं ऐकलं, एवढ्यावरच तो खूश होता.

नत्थूजी बल्ब कागदात बांधणार, तेवढ्यात शेठनी ते उचलले. दुकानाच्या पायरीवर वाकून त्यांनी एकेका बल्बाचं चकचकीत पितळी बूड धुळीत घोळवलं आणि वर अंगठ्यानं मळ चोळला.

"हे काय करून राहिले शेठजी?"

"नव्या वस्तूले नजर लागते गा. थोडं मळवलेलं बरं राहते."

"हो, तेही आहेच," जागेश्वर गंभीरपणे म्हणाला.

नत्थूजींनी एकदा शेठकडे पाहिलं, एकदा गाडीच्या खरवडलेल्या दाराकडे पाहिलं. "बैल गेला अन् झोपा केला," ते पुटपुटले आणि पैसे गल्ल्यात टाकून मोकळे झाले. यालाही सगळं कळलं आणि यानंही गिळलं, पुष्पलताच्या मनात आलं. सगळे एका माळेचे मणी.

आपण त्या माळेत नाही, याची तिला खात्री होती. नवऱ्याच्या हसण्याचा, ढेकरांचा, देवापुढे चिल्लर शोधून टाकण्याचा तिला तिरस्कार होता, आणि तो तिरस्कार तिनं कपाटातल्या चांदीच्या भांड्यांसारखा ठेवला होता: जपलेला, घासून लख्ख केलेला, कधी वापरात न आलेला. त्याच्या जोरावरच ती त्या घरात ताठ मानेनं वावरत आली होती.

शेठ वकिलांना फोन करायला दुकानाच्या आत गेले. पुष्पलता गाडीतून उतरली.

जागेश्वर उकिडवा बसून पेचकसानं उजव्या दिव्याची रिंग सोडवत होता. सगळ्याच गाड्यांचा असतो तसा काचेचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला होता.

"बसा ना बाई, ऊन आहे. आत्ता होते."

"ते बल्ब लावू नको, जागेश्वर."

"काहून?"

तिनं दुकानाकडे एक नजर टाकली आणि भराभर सांगून टाकलं. वकील काय म्हणाले, दिवे चांगले निघाले की कोणाची चूक ठरते, जेल कोणाला होते. सांगून झाल्यावर तिला फार हलकं वाटलं. या सगळ्या माणसांत आपण एकट्याच बोललो, याचं तिला थोडं कौतुकही वाटलं.

जागेश्वरनं पेचकस खाली ठेवला. शेजारचा एक नवा बल्ब उचलला. मग त्यानं त्याच्या बुडाचा मळ शर्टाच्या टोकानं पुसला.

"न लावून कसं जमन बाई?" तो म्हणाला. "मी नाही लावले, तं शेठजी दुसऱ्याच्या हातानं लावून घेतीन." त्यानं वर पाहिलं. "तुमी सांगा ना. तुमी गाडीतच होत्या. साहेब तुमालेही विचारतीन. दिवाळीपासून दिवा बंद होता, एवढंच म्हणा. माह्यं नाही ऐकणार कोणी, तुमचं ऐकतीन."

रस्त्यावरून संत्र्यांनी भरलेला एक ट्रक गेला. त्याच्या धुळीनं पुष्पलतानं डोळे मिटले. तिला व्याह्यांचे चेहरे दिसले. संध्याकाळचं जेवणाचं ताट दिसलं आणि समोर बसलेला नवरा दिसला, आजचा, उद्याचा आणि त्यापुढच्या सगळ्या संध्याकाळींचा. तिनं पदर सारखा केला.

"मले त्या गाडीतलं काय समजते," ती म्हणाली.

जागेश्वरनं मान हलवली. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता तिच्याकडे पाहत राहिला, आणि ती नजर तिच्या चांगल्या ओळखीची होती. बावीस वर्षं नवऱ्याच्या पाठीवर ती हीच नजर टाकत आली होती.

मग तो कामाला लागला. उजवा बल्ब बसवला, डावा बसवला, रिंगा आवळल्या, हात पुसले आणि स्टीअरिंगवर जाऊन बसला. गाडी सुरू झाली.

"बाई, समोर उभ्या राहा जरा. लागते का पाहा. आतून नाही दिसत."

गाडीजवळ दुसरं कोणीच नव्हतं. ती गाडीसमोर जाऊन उभी राहिली. उन्हात काही दिसेना, म्हणून वाकून तिनं काचेवर हाताची सावली धरली. काळ्या रंगाखाली पिवळा उजेड होता. मग ती दुसऱ्या दिव्याकडे गेली. तिथंही होता.

"लागले?"

"लागले."

"ऐकू नाही येऊन राहिलं, बाई. मोठ्यानं सांगा."

पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली. नत्थूजीही काउंटरवर रेलून बघत होते. फोन संपवून शेठ पायरीवर आले होते.

"लागले!" पुष्पलता ओरडली. "दोन्ही लागले!"

"उजवा?"

"उजवा लागला!"

शेठचा चेहरा खुलला. पायरी उतरून ते तिच्याजवळ आले.

"हां," ते म्हणाले. "साहेबापुढं भी असंच मोकळ्या आवाजात सांगजो."