निशीचं वॅक्स आणि आकारामची जीभ

आकाराम गवळ्याच्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण त्या जिभेनं सख्ख्या लेकीचं बोलणं बंद पाडलं, ते मात्र गेल्या आठवड्यात.

झालं होतं असं. निशिगंधाच्या होणाऱ्या सासूबाई राजारामपुरीतनं साड्या दाखवायला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, हळदीच्या आधी पोरीला कुठल्या पार्लरला नेणार? आकाराम छाती काढून म्हणाला, "पार्लर कशाला पायजे? दिवाळी पाडव्याच्या मिरवणुकीला माझ्या म्हशी भादरून अशा चकचकीत निघत्यात की गल्ली बघत ऱ्हातीया. आमच्या निशीला पण तशीच करून देतो की."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. निशिगंधा उठून आत गेली, ती तेव्हापासून बापाशी बोलली नव्हती. चहाचा कप पुढ्यात ठेवायची आणि वळून जायची.

आता आकारामच्या मनात काय होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हीही त्याला शिव्याच घालाल. बायको गेल्यापासून हा बाबा जगात एकाच ठिकाणी हळू बोलायचा, ते म्हणजे म्हशीपाशी. म्हस भादरायला घेतली की तिच्या पाठीवर पाणी मारायचा, तळहातानं कातडं ताणून धरायचा आणि वस्तरा फिरवताना सारखा तिच्याशी बोलत राहायचा. ओरखडा म्हणून उठू द्यायचा नाही. लेकीला म्हशीच्या बरोबरीला बसवली म्हणजे त्याच्या लेखी त्यानं तिला देव्हाऱ्यात बसवली होती. पण हे राजारामपुरीच्या बाईला कळावं कसं, आणि लेकीला सांगावं कुणी? उद्या हळद, परवा लग्न. पोरगी अशीच न बोलता सासरी जाईल, या भीतीनं त्याला घास उतरत नव्हता.

त्या दुपारी सून स्वप्नाली नणंदेला घेऊन मधल्या खोलीत बसली. पार्लरला जाणार नाही, असं निशीनंच हट्टानं ठरवलं होतं. स्वप्नालीनं साखर-लिंबाचा पाक करून घरीच वॅक्स केलं, जुन्या जीन्सच्या पट्ट्या कापल्या आणि दार लावून घेतलं. हात झाले नीट. पायाच्या वेळेपर्यंत पाक जास्तच आटला आणि पट्टी नडगीला बसली ती बसलीच. पहिला हिसडा दिला तशी निशीची किंकाळी गोठ्यापर्यंत गेली.

आकाराम वैरणीची पेंढी टाकून धावत आला आणि लावलेल्या दारापाशी थांबला. आत लेक रडत होती.

"वहिनी, हात लावू नको. ऱ्हाऊ दे तसंच."

"आणि हळदीला असला पाय घेऊन बसणार व्हय? कोमट पाणी घालून मऊ केलंय. जरा दम धर."

"न्हाय म्हणतो न्हवं का मी," निशी हुंदके देत म्हणाली.

"निशे, रडू नको," आकाराम म्हणाला. पण ते असं खेकसल्यासारखं निघालं की आतलं रडणं दुप्पट झालं.

"मामंजी, तुम्ही जावा बरं," स्वप्नाली आतनं म्हणाली.

तो गेला नाही. दाराला पाठ लावून उंबऱ्यावर बसला. लेकीला समजवायचे शब्द त्याच्यापाशी नव्हतेच. होते ते गोठ्यातले, आणि त्यांच्यापायीच तर हे रामायण झालं होतं. तेच आता काढले तर पोरगी जन्मात तोंड बघणार नाही. पण तिचा हुंदका काही ऐकवेना. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि खालच्या आवाजात सुरुवात केली.

"हो गं, हो. थांब माझी बाय. काय न्हाय, काय न्हाय. अंग ढिलं सोड, आकडून धरलं की जास्त लागतंय. मी हाय की हितं. शाणी माझी ती."

आतलं रडणं एकदम थांबलं. गोठ्यातले शब्द लेकीनं ओळखले, हे आकारामला कळलं, पण आता मागं फिरून उपयोग नव्हता.

"तुझी आई असती तर तिनं धरलं असतं तुला. मला न्हाय येत गं. मला हेवढंच बोलाय येतंय. ज्याच्यावर जीव हाय त्याच्याशी मी असंच बोलतो. हो बाय, हो. हलू नको. झालं बघ."

चर्रकन पट्टी निघाल्याचा आवाज आला. मागोमाग नुसता एक लांब सुस्कारा.

"सुटली एकदाची," स्वप्नाली म्हणाली.

आकारामनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. लेक बाहेर यायच्या आत गोठ्यात निघून जावं म्हणून तो गुडघ्यावर हात देऊन उठला.

"आप्पा."

आठवड्यात पहिल्यांदाच त्यानं ती हाक ऐकली. तो होता तिथंच उभा राहिला.

"दुसरा पाय ऱ्हायलाय अजून," निशी आतनं म्हणाली. "गप का झालासा? बोला की."

आकाराम परत उंबऱ्यावर बसला. दाराला पाठ लावली आणि डोळे मिटले. "हो गं, हो. थांब माझी बाय."