उत्तरेचं फाटक

आजोबा पुन्हा पेन्सिलीला टोक काढायला बसले, तेव्हा आजी दारातून म्हणाली, "चार दिवसांत चौथ्यांदा. लिहिलं एक अक्षर नाही, आणि पेन्सिल मात्र करंगळीएवढी झाली."

आजोबा टोक काढतच राहिले. समोर त्यांची नात टीव्हीपुढे मांडी घालून बसली होती. लहानपणी पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. आता ती पंधरा वर्षांची होती आणि आईवडिलांबरोबर दूरच्या शहरात राहत होती. आठ दिवसांच्या सुटीत ती एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या पिशवीत टीव्हीला जोडायचं गेमचं नवं यंत्र घेऊन आली होती. त्या यंत्रात एका जुन्या गेमचा दुसरा भाग होता, आणि त्या दुसऱ्या भागाची आजोबा सहा वर्षं वाट पाहत होते.

सत्तरी ओलांडलेला माणूस गेमची वाट पाहतो म्हणजे नवलच. पण त्याला कारण होतं.

भिंगरी नऊ वर्षांची असताना पडली आणि पाय मोडून घेतला. प्लास्टर घालून दोन महिने ती इथेच राहिली. भिंगरीला एका जागी बसवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं, म्हणून तिच्या बाबाने या गेमचा पहिला भाग यंत्रासकट आणून दिला. त्यात एक अख्खा देश होता. डोंगर, ओढे, गावं, रानं. आपण त्यातला एक वाटसरू व्हायचं आणि वाटेल तिकडे जायचं. कुठे आधी जा, कुठे नंतर, कुणी सांगत नसे. नकाशाही नव्हता. गावातल्या माणसाला विचारलं तर तो म्हणे, ओढा डाव्या हाताला ठेव, तीन दगड लागले की वर चढ. पहिल्याच दिवशी भिंगरी पाच वेळा हरवली आणि रडली.

आजोबांची उभी हयात जमिनीची मोजणी करण्यात गेली होती. जो आपली पावलं मोजतो तो हरवत नाही, असं त्यांनी तिला समजावलं. मग चौकटींचा मोठा कागद काढला, आणि समोर डोंगर आहे, सूर्य कुठे, असं विचारलं. "उजवीकडे, अगदी खाली," ती म्हणाली. म्हणजे उजवीकडे पूर्व, समोर उत्तर. आजोबांनी कागदाच्या माथ्यावर उत्तरेचा बाण काढला, तोही शाईने. आधी दिशा, मग रेघ, हा त्यांचा शिरस्ता होता. बाकी सगळं पेन्सिलीने, कारण ते खोडता येतं. शाईने लिहिलेलं खोडायचं नसतं; चुकलंच तर शेजारी दुरुस्ती लिहून सही करायची.

त्यानंतर रोज दुपारी त्यांची मोजणी चाले. भिंगरी वाटसरूला चालवी आणि पावलं मोठ्याने मोजी. ओढा, झाड, विहीर, काही आलं की ती ओरडे, "टेकली!" आजोबांच्या कामावर मोजणीच्या साखळीचं पुढचं टोक खुंटीला लागलं की पुढचा माणूस असंच ओरडायचा, आणि मगच मागच्याची पेन्सिल कागदावर टेकायची. आजोबांनी टीव्हीकडे फारसं पाहिलंच नाही. त्यांची नजर कागदावर. देश कसा दिसतो ते भिंगरी सांगायची, आणि कसा आहे ते आजोबा काढायचे.

जिथली सगळी माणसं एकच वाक्य बोलत, ते झालं पोपटांचं गाव. "अजून त्याच पुलावर का तुम्ही?" असं आजीने तीनदा विचारलं, तो आजीचा पूल. होता होता कागद भरला, आणि अगदी वरच्या कडेला, डोंगराच्या पोटात, एक भलंमोठं फाटक लागलं. बंद. पलीकडचा प्रदेश पुढच्या खेपेला, असं त्यावर कोरलेलं. भिंगरीने दोन दिवस त्यावर धडका मारून पाहिल्या. आजोबांनी तेवढ्यात वरच्या कडेला दुसरा कोरा कागद चिकटवला. दुसरा भाग आला की हा भरायचा, असं ठरलं. पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघालं आणि भिंगरी गेली. तो जोडकागद घडी करून कपाटात राहिला, यंत्र माळ्यावर गेलं.

आणि आता दुसरा भाग आला होता. पहिल्याच दिवशी आजोबांनी कागद जमिनीवर पसरला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हं, मोज."

भिंगरी हळूच म्हणाली, "आजोबा, यात मोजावं लागत नाही."

खरंच लागत नव्हतं. एक बटण दाबलं की सगळा नकाशा समोर. जिथे जायचं तिथे सोनेरी बाण. पाहिलेल्या गावी पुन्हा जायचं तर नुसतं नाव निवडायचं, की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वाटसरू तिथे हजर. भिंगरीने त्यांना सगळं दाखवलं, आणि दाखवण्यासारखं पुष्कळ होतं. पहिल्या भागात माणसांचे चेहरे मळलेल्या कणकेचे वाटत; यात म्हाताऱ्याच्या भुवयासुद्धा हलत. तेव्हा झाडांच्या चार जाती होत्या. आता गवताच्याच तितक्या असतील. तेव्हा चाळीस ठिकाणं, आता चारशे. आजोबांनी प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. नव्याला नावं ठेवायची खोड त्यांना नव्हती. पण चार दिवस ते तिच्या शेजारी बसून राहिले, आणि चारही दिवस कोरा कागद कोराच राहिला.

पाचव्या दिवशी भिंगरीच म्हणाली, की ते फाटक यात आहे, फक्त आता आपण पलीकडच्या बाजूला आहोत. तिने फाटक निवडलं. वाटसरू फाटकापुढे उभा राहिला. गोष्टीत शंभर वर्षं उलटून गेली होती. दरड कोसळून फाटक कायमचं बंद झालं होतं. आजीचा पूल, पोपटांचं गाव, सगळं त्यामागे राहिलं होतं. तिकडे आता जाता येत नव्हतं.

आजोबा पहिल्यांदाच टीव्हीच्या अगदी जवळ गेले. खालच्या नकाशात फाटकाचं नाव होतं. जुन्या देशाचा दक्षिण दरवाजा.

"दक्षिण?" ते म्हणाले. "हे चुकलंय यांचं. उत्तरेला आहे ते."

भिंगरीने कंट्रोलर खाली ठेवला. "आजोबा, आपण खेळायला लागलो तेव्हा त्या गेममध्ये संध्याकाळ होती."

आजोबांना उमजायला थोडा वेळ लागला. उजवीकडे, अगदी खाली. तो सूर्य उगवत नव्हता, मावळत होता. म्हणजे उजवीकडे पश्चिम, समोर दक्षिण, आणि माथ्यावरचा बाण उफराटा. साऱ्या आयुष्यात एका बांधाची दिशा न चुकलेल्या माणसाने एक अख्खा देश उलटा काढला होता.

"तुला कधी कळलं?"

"दोन मिनिटांत. अंधार पडला ना लगेच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बाण शाईने काढला होता," भिंगरी म्हणाली.

आजोबा खुर्चीत बसले आणि हसायला लागले, इतके की चष्मा काढावा लागला. आजी काय झालं म्हणून आली. नवऱ्याने चूक कबूल केल्याचं ऐकून म्हणाली, "आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा."

"अगं, तोच तर घोळ झाला," आजोबा म्हणाले.

हसू ओसरल्यावर भिंगरी कागदाशी पालथी पडली आणि बोटाने जुन्या रेघांवरून फिरू लागली. पोपटांचं गाव, तीनशे बारा पावलं. तिथून पूल, दोनशे सहा. आकडे ती न वाचता सांगत होती.

"दुसरा चांगलाच आहे आजोबा," ती म्हणाली. "पण त्यातला एकही रस्ता मला सांगता येणार नाही. बाणाकडेच बघते मी."

एवढ्यात तिच्या मैत्रिणीचा फोन आला आणि ती उठून गॅलरीत गेली. आजोबा कोऱ्या भागाशी बसून राहिले. बोलावलं असतं तर ती आली असती, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी बोलावलं नाही. आठवा दिवस आला, नवं यंत्र पिशवीत गेलं, आणि भिंगरी गेली. त्याआधी तिने एक केलं. उत्तरेच्या बाणाशेजारी शाईने लिहिलं, 'दिशा उलट वाचावी', खाली सही केली आणि आजोबांनाही करायला लावली.

घर रिकामं झालं. एका दुपारी आजोबांनी माळ्यावरून जुनं यंत्र काढलं. कंट्रोलर त्यांनी जन्मात हातात धरला नव्हता. आजी त्याला खेकडा म्हणे, आणि तो खरोखरच खेकड्यासारखा हातातून निसटत होता. वाटसरू दोनदा ओढ्यात पडला, एकदा पोपटांच्या गावात भिंतीला तोंड लावून उभा राहिला. आजोबा कागदावर बोट ठेवून पावलं मोजत राहिले. तीन दुपारी गेल्या. चौथ्या दुपारी फाटक आलं. कणकेच्या चेहऱ्याचा वाटसरू त्याच्यापुढे थांबला. "टेकली," आजोबा म्हणाले. आजी झोपली होती. ऐकायला कुणी नव्हतं.

दर रविवारी भिंगरीचा फोन येत असे, तसा त्या रविवारीही आला. तब्येतीचं बोलून झालं, अभ्यासाचं झालं. मग आजोबा म्हणाले, की मी फाटकाशी उभा आहे.

"कुठल्या?"

"आपल्या. अलीकडच्या बाजूला."

तिकडे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, आणि फोनमधून वारा ऐकू आला, त्या दुसऱ्या देशातला.

"मी पण आले," भिंगरी म्हणाली. "पलीकडे. बाण बंद करता येतो यात, शोधून ठेवलंय मी. पेन्सिल आहे का जवळ?"

करंगळीएवढी होती. आजोबांनी फोन कानाशी आणि खांद्याशी दाबून धरला, कागद उलटा फिरवला, म्हणजे खरं तर सुलटा केला, आणि कोऱ्या भागावर हात ठेवला. टीव्हीवर त्यांच्या बाजूचं फाटक बंदच होतं. तिकडून ती मोजत होती. एक, दोन, तीन.